तळाची बारीक ओळ

नाचणे, तालुका रत्नागिरी
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५६

प्रिय ………………,

'प्रिय' लिहून पुढे चार बोटं जागा मोकळी सोडली आहे. विसरले म्हणून नाही. तिथे काय लिहायचं ते माझं अजून ठरत नाही. भागोजी पोस्टमन माझी पत्रं लिहायचा तेव्हा तो वर 'रा. रा.' की कायसं ठोकून द्यायचा आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. हे पत्र भागोजीने लिहिलेलं नाही. ते तुम्ही एव्हाना ओळखलं असेल, कारण त्याच्या ओळी वर चढतात आणि माझ्या खाली घसरतात. एवढं लिहायला मला नऊ दिवस लागले आहेत, तेव्हा उभ्या उभ्या वाचून खिशात कोंबू नका. बसा, चहा घ्या, मग वाचा.

आधी बातमी. तुमच्या बायकोला पहिलं बक्षीस मिळालं! रत्नागिरीत मुलींच्या शाळेत बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. रुमाल, मण्यांची तोरणं, शंखशिंपल्यांच्या पेट्या, झालंच तर एकीने लोकरीचा पोपट केला होता. त्या सगळ्यांत पहिला नंबर नाचण्याच्या गोदाचा. बक्षिसात काचेची दौत आणि टाक मिळाला. हे पत्र त्याच टाकाने लिहिते आहे. मध्ये मध्ये शाईचे डाग पडलेत, ते माझे नव्हेत, टाकाचे आहेत.

पण हे सगळं मुळापासून सांगायला हवं, नाहीतर शेवटचं कळायचं नाही. पाच वर्षांपूर्वी तुम्ही शिमग्याला आला होतात. पहाटे मी नाचणी दळत होते आणि तुम्ही पडवीत घोंगडी ओढून झोपेचं सोंग घेतलं होतं. मला काय ठाऊक, घोंगडीखाली पेन्सिल चालली आहे! महिनाभराने मुंबईहून आलेल्या एका गाववाल्याने गुंडाळी आणून दिली. आप्पांनी ती अंगणात उलगडली तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या लेकाने नाटकाची जाहिरात पाठवली. मग त्यांनी मोठमोठ्याने वाचायला घेतलं.

आगबोटीचा गं धूर, दिसे डोंगराच्या आड
कोण उतरतं बंदरी, माझं दार गं उघड

माझ्या हातातला जात्याचा खुंटा सुटला. माझ्या तोंडची ओवी, मी बसल्या बसल्या जुळवलेली, आणि ती वितभर अक्षरांत, काळ्याभोर शाईत! लग्नात तुम्ही मला मणिमंगळसूत्र घातलंत त्याहून त्या दिवशी मी जास्त लाजले. छापखान्यातलं काम संपल्यावर उरल्या कागदावर, नाटकांच्या जाहिरातींची लाकडी अक्षरं, तुमचे ते खिळे, वापरून तुम्ही ते जुळवलं होतं, हे मागाहून कळलं. कागदाच्या अगदी तळाला मुंग्यांच्या रांगेसारखी एक ओळ होती. आप्पांनी कागद नाकाशी नेला, हातभर लांब धरला, आणि म्हणाले, "ह्ये त्येचंच नाव आसंल. छापणारा आपलं नाव खाली घालतोच."

तुमचं नाव! ते मी कसं वाचणार? सासूबाई जाईपर्यंत सांगत होत्या, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं. आणि तेव्हा मला वाचता येत नव्हतं, पुढे यायला लागलं तरी ओठ हलवल्याशिवाय एक अक्षर वाचता येईना. वाचलं म्हणजे घेतलंच की! म्हणून मी काय केलं, कागदाला वर-खाली बांबूची कांब लावताना ती तळाची ओळ कांबीभोवती गुंडाळून टाकली. पुढे जो जो कागद आला त्याची ओळ तशीच आत गेली. नऊ कागद आले, नऊही ओळी आत.

वाचायला मी तुमच्या कागदांवरच शिकले. कुठली ओवी आहे ते पाठ होतंच, मग बोट ठेवून म्हणत गेले की कुठल्या अक्षराला काय म्हणायचं ते आपसूक कळायचं. 'धूर'चा 'धू' सापडला, तोच पुढे दुसऱ्या कागदावर 'धूळ' होऊन भेटला. जी अक्षरं माझ्या ओव्यांत आलीच नाहीत ती मला येईनात. 'ष' आणि 'ज्ञ' भागोजीने एका शहाळ्याच्या बदल्यात शिकवले.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं, आठवतं? मला वाचता यायला लागलं तसं दिसलं की तुम्ही ओळ कुठेही तोडता. कागद संपला की तुमची ओळ संपली. अहो, ओवी कागदाच्या मापाने थोडीच असते! जात्याचा फेरा जिथे पुरा होतो तिथे ती थांबते, हाताला जोर लागतो तिथला शब्द जड होतो. मी भागोजीला सांगितलं, लिही, 'दार' मोठं हवं, 'उघड' त्याहून मोठं, 'गं' एवढासा. भागोजी म्हणाला, "वैनी, घरची खुशाली लिवू का ह्यो 'गं' लिवू?" मी म्हटलं, 'गं' लिही. ओट्यावर आप्पा पानाचा विडा जुळवत बसलेले, शेजारच्या दोघी सूप घेऊन आलेल्या. सगळ्यांसमोर मला तुमच्याशी बोलता येईल असं एवढंच एक होतं. बाकी पत्रात नेहमीचं, गाय व्याली, वर डोंगरमाथ्याच्या सड्यावरचं गवत कापलं, आप्पांचा खोकला बरा आहे. माझं मन त्या 'गं'मध्येच काय ते असायचं.

तुम्ही ऐकलंत. पुढचा कागद आला तो मी सांगितल्यासारखा. मग तो सातवा. त्याच्यासारखा कागद मुंबईत नाटक कंपनीलाही कुणी केला नसेल, पैजेवर सांगते.

लांब लांब लांब वाट, सड्यावरून गं जाते
जाईल ती जाऊ दे, मी उंबऱ्याशी गाते

तुम्ही आधी पत्रातून कळवलंत की तिन्ही 'लांब' सारखे घालतो, आणि मी उलट कळवलं, पहिला मोठा, दुसरा मधला, तिसरा बारीक, वाट दूर जाते ना! तुम्ही तसे केलेत आणि ते एकापुढे एक असे तिरपे चढवलेत की कागदावर खरीच वाट दिसायला लागली. मथुराजाऊ अक्षरशत्रू, पण तिने तो कागद बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ह्यो तं आपला वरचा सडा!"

नववा कागद गेल्या वर्षी गणपतीत आला. त्यानंतर नाही. गेल्या शिमग्याला तुम्ही आलात, पंधरा दिवस राहिलात, माझ्याकडे अशा नजरेने बघायचात की जणू मीच तुमचं काही देणं लागते. मी कागदाचं विचारलं तर म्हणालात, वेळ होत नाही. या गणपतीत तर आलाच नाहीत. मला वाटलं, संपलं. मुंबईत माणसाचं मन फिरतं म्हणतात, तसं फिरलं असेल. कोणाला सांगू, आणि भागोजीकडून काय लिहून घेऊ? 'वैनी लिवायला सांगते की तुमचं मन फिरलं काय'? सगळं गाव त्या ओट्यावर. रोज पहाटे जात्यावर बसायची, समोर नऊ कागद, आणि गळ्यातून ओवी निघायची नाही.

मग एक दिवस मला राग आला. म्हटलं, ह्यांनी नाही पाठवला तर मी करीन! पोफळीची वाळलेली विरी, झावळीच्या बुडाचा तो चामड्यासारखा पापुद्रा, घेतली, भिजवून सरळ केली आणि पाजवलेल्या सुरीने तिच्यातून अक्षरं कोरून काढली. तुमच्या नवव्या कागदाची पाठ कोरी होती. तिच्यावर विरी धरून दिव्याची काजळी आणि खोबरेल कालवून कापडाच्या बोळ्याने थापली. तीन वेळा फिसकटलं. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. चौथ्या खेपेला उमटलं.

दाणा दाणा मी घालिते, जातं मागतं अजून
माझ्या मनातलं पीठ, कुणी घेईना मोजून

'दाणा' मी इवलासा केला, 'दाणा' पुन्हा इवलासा, आणि 'मन' तेवढं मधोमध, जात्याच्या तळीएवढं. रागाने केला होता, पण झाल्यावर तासभर त्याच्यासमोर बसून राहिले. दमयंतीबाई म्हणून शाळेत मास्तरीण आहेत, त्या प्रदर्शनासाठी गावोगाव फिरत होत्या. त्यांनी पडवीत हा प्रकार बघितला आणि नऊही कागद मागून नेले.

प्रदर्शनाला मी आणि आप्पा चालत गेलो. शाळेच्या मोठ्या खोलीत एका भिंतीवर फक्त माझे कागद. आणि काय सांगू, बायका भिंतीसमोर उभ्या राहून गात होत्या! निम्म्यांना वाचता येत नव्हतं. एखादी वाचायची, मोठ्या शब्दाला आवाज चढवायची, बारक्याला उतरवायची, आणि बाकीच्या तिच्या मागून. मी सांगितलेलं मोठं-बारीक त्यांच्या गळ्यातून बाहेर येत होतं. दारात उभी राहून मी रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तेवढ्यात परीक्षक यमुनाबाई आल्या. जाड चष्मा, करारी आवाज. म्हणाल्या, हा एक थापलेला सोडला तर बाकीचे कागद छापखान्यातले दिसतात, पुरुषाचं काम, बायकांच्या हस्तकलेत कसं चालेल? मी म्हटलं, अक्षरं त्यांनी लावली, पण कुठलं मोठं नि कुठलं बारीक ते माझं. त्या म्हणाल्या, पुरावा काय? भागोजीने लिहिलेली पत्रं तुमच्या मुंबईच्या ट्रंकेत. मग छापखान्याचं नाव तरी बघू म्हणून त्यांनी सातव्या कागदाची खालची कांब सोडवली, ओळ बाहेर काढली आणि चाळीस बायकांसमोर खणखणीत वाचली: "गोदा, तुझं बरोबर होतं, तिसरा 'लांब' बारीकच हवा. हे कागद तू करतेस, मी फक्त खिळे लावतो."

दमयंतीबाईंनी मग एकेक करून सगळ्या कांबी सोडल्या. पहिल्यावर: "गोदा, ही ओळ फक्त तुझी. आप्पांना एवढं बारीक दिसत नाही." तिसऱ्यावर: "इथे गिरगावात पाऊस पडतो तेव्हा तुझ्या जात्याचा आवाज आठवतो." पाचव्यावर: "वाचता यायला लागलं की तुझ्या हाताने दोन अक्षरं लिही. भागोजीची नकोत." आणि नववा, ज्याच्या पाठीवर मी रागाने 'मन' थापलं होतं: "दोघांपुरती खोली घेतली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. येशील? तुझ्या हाताने उत्तर दे. आलं नाही तर समजेन, आणि पुन्हा विचारून तुला अडचणीत टाकणार नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाच वर्षं तुम्ही माझ्याशी बोलत होतात आणि मी तुमचं आयुष्य वाढावं म्हणून तुमचं बोलणं बांबूला गुंडाळत होते. पण मी तुमच्यावरही रागावणारच. शिमग्याला पंधरा दिवस समोर होतात ना? तोंडाने विचारायला काय जीभ झडली होती? सदा खिळ्यांशी बोलणारा माणूस, जितीजागती बायको समोर आली की मुका.

बक्षीस तिथल्या तिथे जाहीर झालं. यमुनाबाईंनी स्वतः दौत हातात दिली आणि कानात म्हणाल्या, आधी उत्तर लिही.

आता आप्पा. ते सगळं ऐकत बाकावर बसले होते, ही माझी खरी धास्ती. परतताना माझ्या पुढे पुढे सडा चढत राहिले. माथ्यावर आलो, खाली बंदर दिसायला लागलं, तेव्हा थांबून म्हणाले, "मोटी अक्षरं काय म्हाग झाली व्हती तिकडं? गाढव मेला!" मग जरा पुढे जाऊन म्हणाले, "मथुरा हाय, माजा दुसरा ल्योक दादू हाय. माजं काय आडत नाय. फकस्त पत्र येतील ती मला दिसतील अशी पाटवा." आणि धोतराने डोळे पुसून वाऱ्याला शिव्या दिल्या.

तर हे पत्र त्यासाठी. तुम्ही विचारलंत त्याला सव्वा वर्ष झालं आणि अजून उत्तर द्यायचं राहिलं आहे. ते मी दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेणार नव्हते, म्हणून हे नऊ दिवस. आणि वरची ती मोकळी जागा. सासूबाईंनी नाव तोंडाने घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. हाताचं त्या काही बोलल्या नव्हत्या, कारण घरातल्या कुठल्या बाईचा हात कधी लिहील असं त्यांना वाटलंच नसेल. हे पत्र लिहिता लिहिता मला एक नवीन आलं आहे, ओठ मिटून वाचायला आणि ओठ मिटून लिहायला. तुमचा प्रश्न जिथे होता तिथेच माझं उत्तर आहे. कागदाच्या तळाला बघा. आप्पांना एवढं बारीक दिसत नाही.

तुमचीच,
गोदा

आत्माराम, हो. पुढच्या शनिवारच्या आगबोटीने येते. सोबत नऊ कागदांवर दहा ओव्या आहेत, भिंत मोकळी ठेव.