सॅगिनॉ नाइनच्या चौतीस रेकॉर्ड्स माझ्या आहेत

मी, नंदा भालचंद्र खानविलकर, वय ७४, निवृत्त, राहणार हाउन्सलो, लंडन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. खरे तर त्याची गरज नव्हती. परंतु माझे दीर शशिकांत हल्ली इथल्या मराठी मंडळात "वहिनींचं आता वय झालं" असे सांगत फिरतात, म्हणून जोडले. डाव्या कानाला यंत्र आहे, उजवा ठणठणीत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. मजकूर मराठीत ठेवला आहे, कारण तो शशिकांत यांनी स्वतः, दुभाष्याशिवाय वाचावा अशी माझी इच्छा आहे. सॉलिसिटरसाठी इंग्रजी भाषांतर वेगळे केले आहे.

कलम १. राहते घर मुलगा नकुल यास. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते, हे त्याला पन्नास वेळा सांगितले आहे, हे एक्कावन्नावे. बँकेतील शिल्लक नकुल आणि त्याची मुलगी तनिषा यांना निम्मी निम्मी.

कलम २. स्टीलची भांडी सून शिल्पा हिला. प्रत्येकावर "भा. ग. खानविलकर" असे माझ्या पतीचे नाव घातलेले आहे. बहुतेक भांडी मी माझ्या पगारातून घेऊन मुंबईहून वाहून आणली, तरी नाव ह्यांचे. आमच्याकडे रीतच तशी. भांडे घरात आले की वापरण्याआधी नाव घालायचे, आणि तेही घरच्या पुरुषाचे. ही रीत इथे नमूद करण्याचे कारण पुढील कलमात आहे.

कलम ३. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील सॅगिनॉ नाइन या फंक आणि सोल वाजवणाऱ्या बँडने १९६९ ते १९८३ या काळात जे जे रेकॉर्ड करून बाजारात आणले ते सर्व, म्हणजे अकरा एलपी आणि तेवीस सिंगल्स, एकूण चौतीस रेकॉर्ड्स, माझ्या मालकीच्या आहेत. पुन्हा लिहिते: माझ्या.

१९७५ साली मी विमानतळाच्या केटरिंगमध्ये जेवणाचे ट्रे भरत होते. शेजारी उभ्या असलेल्या जमैकाच्या डोरीनने रेडिओ मोठा केला आणि म्हणाली, बाकी सोड, खालचा बेस ऐक. मी ऐकला. त्या दिवशी चाळीस ट्रेंमध्ये चमचे घालायचे राहिले.

पहिल्या दोन एलपी कच्च्या आहेत, पण त्यांत रग आहे. तिसरी नकुलच्या जन्माच्या आठवड्यात घेतली. तिची दुसरी बाजू लावल्याशिवाय तो झोपत नसे. आता आठवत नाही म्हणतो. सहावीत कोणाच्या तरी सल्ल्याने व्हायोलिने घातली आणि आमटीत गूळ जास्त झाला. नववी डिस्कोच्या नादाने केलेली, ती वाईटच आहे. तरी घेतली. आपली माणसे एकदा चुकली म्हणून कोणी टाकून देत नाही. अकराव्या एलपीपर्यंत मूळच्या नऊ जणांपैकी चारच उरले होते. ती मिळवायला मला सहा वर्षे लागली.

प्रत्येक कव्हरच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, "भा. ग. खानविलकर" आणि तारीख आहे. अक्षर माझे आहे. भांड्यांची सवय होती आणि थोडी भीतीही होती. सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहत. ह्यांचे नाव असले की "हे कशाला आणलं?" असे कोणी विचारत नसे. चूक माझी, कबूल करते. पण त्या चुकीवर कोणाला कपाट उभारू देणार नाही.

हे २०२१ साली गेले. शोकसभेत शशिकांत "दादांचा कान" या विषयावर वीस मिनिटे बोलले. दादांना बेस आणि तबला यांतला फरक कळत नव्हता. ते क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत. गेल्या दिवाळीत शशिकांत फराळाला आले ते सगळे ठरवूनच. मंडळाच्या हॉलमध्ये काचेचे कपाट, वर "कै. भालचंद्र खानविलकर संगीतसंग्रह" अशी पाटी.

"वहिनी, दादांचं कलेक्शन कधी पॅक करायचं? संडेला व्हॅन मिळतेय."

"ते माझं आहे."

"तुम्ही आणि फंक? कमॉन, वहिनी!"

"कुठलीही लावा. चार ठोक्यांत रेकॉर्ड आणि बाजू सांगते."

"अहो, स्वयंपाक करता करता कानावर पडून पाठ झालं असेल."

नकुल समोर चकली खात होता. "मम, लेट इट गो ना," म्हणाला.

आजवर पुष्कळ सोडले. हे सोडणार नाही.

सबब चौतीसही रेकॉर्ड्स, प्लेअर आणि स्पीकर नात तनिषा हिला. ती लीड्सला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. पाच वर्षांची असताना "आजी, हे तुझे साँग्ज आहेत ना?" असे या घरात तिने एकटीने विचारले होते. रेकॉर्ड्स काचेमागे ठेवू नयेत, वाजवाव्यात. गेल्या महिन्यात बसून मी प्रत्येक कव्हरवर ह्यांच्या नावाखाली माझे नाव घातले आहे. ह्यांचे खोडलेले नाही. एकदा घातलेले नाव आमच्याकडे घासून काढत नाहीत.

कलम ४. माझे पती कै. भालचंद्र यांचा संपूर्ण रेकॉर्डसंग्रह मी दीर शशिकांत यांस देत आहे. तो एका रेकॉर्डचा आहे.

माझ्या साठाव्या वाढदिवसाला हे एकटे, दोन ट्रेन बदलून, कॅमडेनला जाऊन ती घेऊन आले. ती सॅगिनॉ नाइनची नाही. दुसऱ्याच बँडची आहे, आणि दुसरी बाजू तर ऐकवत नाही. "अहो, नाव तरी वाचायचं," मी म्हणाले. "फोटोतली माणसं मोजली," हे म्हणाले, "नऊ भरली."

कव्हरच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, ह्यांच्या अक्षरात लिहिले आहे: "नंदा खानविलकर. तुझ्या बँडची रेकॉर्ड."

म्हणजे ह्यांना ठाऊक होते. चारचौघांत संग्रहाबद्दल ह्यांची वाहवा व्हायची तेव्हा मात्र गप्प बसून हसत. तो राग मी सोबत नेत आहे. मजकुराची छायाप्रत पुरावा म्हणून जोडली आहे. कपाट तयारच असेल, तर शशिकांत यांनी ही रेकॉर्ड त्यात खुशाल ठेवावी.

कलम ५. अंमलबजावणी तनिषाने करावी. अंत्यविधीला भाषणे नकोत, शशिकांत यांचे तर नकोच. तिसऱ्या एलपीची दुसरी बाजू मोठ्या आवाजात लावावी. नकुलला आठवेल.

क्रेमेटोरियममध्ये मी स्वतः विचारून आले आहे. शवपेटीत प्लास्टिक चालत नाही, पुठ्ठा चालतो. म्हणून शशिकांत यांना त्यांची रेकॉर्ड साध्या पांढऱ्या पाकिटात मिळेल. कव्हर माझ्याजवळ ठेवावे, लिहिलेली बाजू वर करून.

सही: नंदा खानविलकर

वरील सही आम्हा दोघींच्या देखत, आम्ही दोघी एकत्र हजर असताना झाली.

साक्षीदार १: सिप्पोरा रोहेकर, शेजारीण. (मजकूर वाचला. वाचताना दोनदा हसले.)

साक्षीदार २: डोरीन कॅम्बेल, निवृत्त. (मराठी येत नाही. सही पाहिली. चमच्यांची गोष्ट खरी आहे, असे लिहायला सांगते.)

स्थळ: हाउन्सलो, स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५