गच्चीवरचे चार वासे

ता. ९, रविवार

चि. ठकूस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठणठणीत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरचाच झालाय. फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" एवढंच म्हणतेस आणि बाबा शेजारी बसून कान टवकारतात, म्हणून हे पत्र. तुमच्या घरमालकाने पुन्हा भाडं वाढवलंय आणि महिनाअखेर हो-नाही सांगायचंय, हे मावशीकडून कळलं. मी त्यावर काही बोलणार नाही.

गल्लीतली बातमी सांगते. एका प्लॉटवर एकच घर, घरात एकच कुटुंब, हा आपला जुना नियम. त्याच्यापायी तुम्हाला इथे दोन खोल्या मिळाल्या नाहीत. जावईबापू रोज आपल्याच गल्लीतून बस नेतात आणि झोपायला कुठल्या कुठे जातात. आता नगरपालिकेने नियम बदलायचं काढलं. वर मजला चढवा, मागे छोटं घर बांधा, भाड्याने द्या. लोकांच्या हरकती मागवल्या. हरकत घ्यायला पुढे कोण, हे सांगायला नकोच. गल्लीच्या समितीचे अध्यक्ष तुझे बाबा.

त्यांची युक्ती ऐक. आपल्याच गच्चीच्या चार कोपऱ्यांत वासे उभे केले, वरून दोरी ताणली, लाल फडकी बांधली. मजला चढला तर किती आकाश झाकलं जाईल, ते लोकांनी डोळ्यांनी बघावं म्हणून.

समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "सर, अजून हातभर वर घ्या. बघणाऱ्याला धडकी भरली पाहिजे."

"जेवढी परवानगी तेवढीच उंची. जन्मभर चित्रकला शिकवली मी. खोटी रेघ मारणार नाही."

"अहो सर, रेघ कुठली, वासा आहे तो."

"तरी."

झालं. सुनावणीच्या दिवशी पालिकेची माणसं बघायला आली, मागोमाग गल्ली. बघतात तर फडकी मागच्या झाडाच्या शेंड्यापेक्षाही खाली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स, तीही रोज लांबूनच येते, तिच्या तोंडून गेलं, "एवढंच?" कोणीतरी हसलं, मग सगळेच. डॉक्टर चिडून म्हणाले, प्रश्न उंचीचा नाही, राहायला कोण येणार याचा आहे.

"मी येईन की," ती म्हणाली. "तुम्हाला सुई टोचायला मी चालते, शेजारी म्हणून का नाही चालत?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. नवा नियम मंजूर झाला. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते, हे बाबांनी पाहिलंय. घरात आल्यावर मी पदर तोंडाला लावला, नाहीतर हसू फुटलं असतं.

तुम्ही दोघं शेवटचे आला होतात, त्या दिवशीचं काढणार नव्हते, पण आता काढते. "भाडेकरू आले की गल्लीची धर्मशाळा होते," असं बाबा बोलून गेले, तेही जन्मापासून भाड्याच्या घरात वाढलेल्या जावयासमोर. तुम्ही दोघं उठलात, चहा तसाच राहिला. तू दाराकडे वळली होतीस, त्यामुळे बाबांचा पडलेला चेहरा तुला दिसला नाही. मला दिसला. पण माघारी बोलावणं त्यांना जमलं नाही.

काल म्हटलं, आता ते वासे तरी उतरवा. गच्चीवर गेले ते खाली येईचनात. शेवटी गुडघा घेऊन मी वर चढले. गच्चीभर खडूच्या रेघा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन खोल्या. हे रांगत एक खोली पुसत होते.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. बसतंय का बघतोय."

"मग पुसता कशाला?"

"इकडे सकाळचं ऊन येतं. शेवटची बस आणणाऱ्या माणसाला उशिरापर्यंत झोप लागते. निजायची खोली पश्चिमेला हवी."

हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, ठके.

"लिहू का तिला?" मी विचारलं.

"लिही. पण मुलगी-जावई म्हणून नको, भाडेकरू म्हणून या म्हणावं. रीतसर करार, जिना बाहेरून. भाडेकरूच्या घरात मालकाने न विचारता पाऊल टाकायचं नसतं. तोंड तर नाहीच घालायचं."

"आणि जावईबापूंना काय सांगू?"

त्यांनी पश्चिमेच्या रेघेवर खडू टेकवला आणि उचलला. "खिडकी कुठे हवी ते त्यांनी येऊन दाखवावं."

रात्रीच्या दवाने रेघा पुसट होतात. आज सकाळी बाबांनी त्या सगळ्या पुन्हा गिरवल्या. खिडकीची जागा तेवढी कोरी ठेवलीय.

तुझी आई,
आणि तुम्ही दोघं हो म्हणालात तर तुमची घरमालकीण