तेल लावून गेले तो मंगळवार

मंगळ. ८ एप्रिल
तवसाळहून पहिली फेरीबोट, जयगडहून एसटी, रत्नागिरी. मुंबईचे त्वचेचे डॉ. महिन्यातून एकदाच येतात, दुसऱ्या मंगळवारी. अकरा वर्षांचं सोरायसिस, मला मिळाली चार मिनिटं. "माइल्ड दिसतंय. मलम चालू ठेवा." मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या इंजेक्शनसाठी त्यांची चिठ्ठी लागते. नाही दिली.
माइल्ड म्हणे. रोज सकाळी पाठीला चादर चिकटलेली असते.

बुध. ९
आता डोक्यात उजेड पडला. काल निघण्याआधी सासूबाईंनी गरम पाण्याने पाठ घासून दिली, खपल्या काढल्या, वर खोबरेल चोळलं. "मोठ्या डाक्तराकडं अशी जातंस? लोक काय म्हनतील गो?" आणि मीही बसले घासून घेत. पाहुणे यायच्या आधी अंगण सारवतात, तशी सारवून गेले. डॉ.नी सारवलेलं अंगण बघितलं.
मूर्ख मी. पण एरवी कसं असतं, हे त्यांनीही विचारू नये? फोनमधले पाठीचे फोटो दाखवायला गेले तर "नंतर बघू". नंतर म्हणजे पुढचा महिना.

शुक्र. २ मे
बोटांच्या सांध्यांवर चिरा. भाकरी थापता येत नाही. गावच्या डॉ.ना म्हटलं, तुम्हीच द्या चिठ्ठी. म्हणाले, "माझी तिथे चालत नाही वहिनी." रोज बघतो त्याची चालत नाही, महिन्यातून एकदा बघतो त्याची चालते. नुसता संताप.

सोम. १२
सासूबाईंशी कडाक्याचं भांडण. तेलाची बाटली घेऊन उभ्या. म्हटलं, उद्या घासणं नाही, तेल नाही. "घराची अब्रू हाय काय नाय?" म्हटलं, अब्रूला खाज सुटत नाही. जेवल्या नाहीत. न जेवोत.

मंगळ. १३
दवाखान्यातल्या बाकावर लिहितेय. सकाळी सासूबाई आपणहून सोबत निघाल्या. बोटीत माझ्या शेजारची बाई उठून पलीकडे गेली. त्या जागेवर ह्या येऊन बसल्या.
माझा नंबर ३८. डॉ. एक वाजता उठतात. साडेबारा झालेत, ३१ आत आहे.
बाकावर माझ्या खपल्या पडल्या होत्या. सवयीने रुमालात गोळा करायला लागले. सासूबाईंनी हात धरला.
"ऱ्हाऊ दे. बघू देत त्येंना."
३२ ला हाक आली.