बाकाची खालची बाजू

ता. ३, मंगळवार

ती. ताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबा रविवारी येणार आणि येताना माझी ट्रंक बांधायला सुतळी आणणार, हे वाचल्यापासून घास उतरत नाही. इथे सुतारकाम शिकायला दोन वर्षांची मुदत त्यांनीच दिली होती आणि ती या महिन्यात संपते, हे मला मान्य आहे. तिकडे गोदामात कारकुनाची जागा रिकामी आहे, माझं अक्षर चांगलं आहे आणि नववीत शाळा सोडलेली असूनही मालक मला ठेवून घ्यायला तयार आहेत, हेही खरं. पण ताई, मला सुतारच व्हायचं आहे.

बाबांच्या सुतारकामाच्या दुकानात एक स्टूल करायला मी अकरा दिवस लावले होते. तेव्हा ते म्हणाले होते की स्टूल होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल आणि त्याला पलंगच लागेल. इथे बागेतले मेस्त्री मात्र घाई करत नाहीत. ते म्हणतात, बाग दीडशे वर्षं उभी आहे, ती आणखी दोन आठवडे थांबेल. गेल्या महिन्यात मी पहिला अख्खा बाक एकट्याने केला. तो तळ्याकाठी ठेवला आहे. त्यावर माझं नाव नाही, फक्त ६३ हा आकडा आहे. आधी बाबांना सगळी बाग दाखवायची, मग शेवटी त्यांना त्या बाकावर बसवायचं आणि मग बोलायचं, असं मी ठरवलं आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं आहे.

रविवारी दहा वाजेपर्यंत मला बॅंडच्या चौथऱ्याच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या आहेत, म्हणून स्टेशनवर येता येणार नाही. सोबत वेगळा कागद जोडला आहे, तो बाबांना दे. लोखंडी दरवाजातून आत यावं, सरळ ४०० पावलं चालावं, डावीकडे वळून १२० पावलं चालावं. तिथे पाणी दिसेल, ते जुनं दगडी कारंजं. तिथेच थांबावं. मी हे अंतर तीन वेळा चालून मोजलं आहे. आइस्क्रीमच्या गाडीची खूण लिहिली नाही, कारण गाडी जागा बदलते. वाटेत कोणाला विचारू नये असंही लिहिलं आहे, कारण शहरातली माणसं माहीत नसलेला रस्ताही आनंदाने सांगतात.

तुझी माया नेहमीसारखी राहू दे, आणि रविवारी सकाळी माझी आठवण काढ.

तुझा,
गोगलगाय

---

ता. ६, शुक्रवार

चि. गोगलगायीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा कागद बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मापं तरी सुटसुटीत दिली आहेत, असं म्हणाले. आता याला कौतुक समजून नाचू नकोस. मी म्हटलं की अडलं तर सरळ कोणाला तरी विचारा, तर माझ्यावरच उखडले. लिहून दिलेल्या मापावर शंका घेतली असती तर चाळीस वर्षांत आपल्या हातून एक धड दरवाजा झाला नसता, असं ऐकवलं.

सुतळी मी पिशवीतून दोनदा बाहेर काढली, त्यांनी तीनदा आत भरली. त्यावरून काय ते समज. त्यांना तुझी काळजी आहे रे, पण ती बाहेर येते ती टोमणा होऊनच. तू ते लिहून ठेवलेलं भाषण वाचून दाखवू नकोस. पहिल्याच ओळीला ते मान खाली घालून नखं बघायला लागतील.

बाकी सगळं ठीक आहे. काल त्यांच्याबरोबर बाजारात गेले होते. या वयातही त्यांच्या मागून पळावं लागतं. लहानपणी आपण दोघं कसे त्यांच्या मागे धापा टाकत जायचो, आठवतं?

जेवत जा. माझा लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी,
ताई

---

ता. ९, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मागून पळावं लागतं, या तुझ्या ओळीचा अर्थ मला रविवारी साडेदहाला कळला. मी कारंज्यापाशी उभा होतो आणि बाबांचा पत्ता नव्हता. ताई, ती चारशे पावलं माझी होती. बाबांचं एक पाऊल माझ्या सव्वा पावलाएवढं आहे, हे मी तीन वेळा मोजताना एकदाही लक्षात घेतलं नाही. शिवाय कोणाला विचारू नका असं मीच बजावलं होतं.

मी पळत सुटलो. रविवार म्हणजे बागेत माणूस माणसाला दिसत नाही. बुद्धिबळवाले आजोबा, चाकाच्या बुटांवरची पोरं, झाडाखाली टाळ्यांवर नाचणाऱ्या बायका, सगळीकडे बघितलं. बॅंड सुरू झाला होता. चौकीत गेलो तर पहारेकऱ्याने विचारलं की हरवलेल्याचं वय काय. मी अडुसष्ट म्हटल्यावर त्याने वही मिटली. साडेबारा वाजले. बाबा परतीच्या गाडीत बसले असतील आणि मला माप घेता येत नाही हे आता कायमचं ठरलं असेल, असं वाटलं. मग काही सुचेना, म्हणून माझ्या बाकाकडे गेलो. वाईट वाटलं की मी तिथेच जातो.

बाकाभोवती पंधरावीस माणसं जमली होती. बाक मोडला आणि कोणीतरी पडलं, अशी माझी खात्री झाली. गर्दीत घुसलो तर काय, एक फुगेवाला, दोन आजी, एक बाबागाडीवाली बाई आणि बॅंडमधला सुट्टीवर असलेला एक ढोलवाला, सगळे वाकून बाकाखाली हात फिरवत होते. मधोमध आपले बाबा. ते सांगत होते की वरून सगळेच घासतात, बसणाऱ्याची बोटं जिथे जातात तिथे खालून कोण घासतं ते बघा. ढोलवाला म्हणाला की खरंच, एक कुसळ लागत नाही. एका आजीने विचारलं की हे तुम्ही केलंत का. बाबा म्हणाले की नाही, आमच्या घरातल्या एका गोगलगायीने केलंय.

मग त्यांना मी दिसलो. त्यांनी एवढंच सांगितलं की तिसरी पट्टी सूतभर वर आहे, आणि तुझं कारंजं बिघडलेलं दिसतं, पाणी भरपूर आहे पण उडत नाही. ते तळं आहे हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की असेल, कागदात तसं नव्हतं.

भाषणाचा कागद खिशातच राहिला. आम्ही होडीत बसलो, आइस्क्रीम खाल्लं, नाचणाऱ्या बायकांनी बाबांना ओढलं तेव्हा ते चक्क चार टाळ्या वाजवून आले. निघण्याआधी मला चहा आणायला पाठवलं आणि सावकाश आण म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी सावकाश म्हणालं. ट्रंकेचा विषय त्यांनी काढला नाही, आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. त्यांच्या मनात काय आहे ते तू काढून घे आणि लगेच कळव. मला झोप नाही.

माया आहेच, तिच्यात या वेळी थोडी घाई मिसळ.

तुझा,
गोगलगाय

---

ता. १२, गुरुवार

चि. गोगलगायीस,
अनेक आशीर्वाद.

ताई म्हणते की तू झोपत नाहीस. झोपत जा. पेंगुळलेल्या माणसाच्या हातात करवत नको.

त्या दिवशी मी तळ्याकाठच्या सात बाकांवर बसून पाहिलं. सहा डुगडुगले. सातव्याला खालून हात लावला, काम कोणाचं ते कळलं आणि तिथेच बसून राहिलो. म्हटलं, ज्याचा बाक आहे तो पोरगा कधी ना कधी बघायला येईलच. अडीच तास लागले. तुझ्या मानाने लवकर आलास.

गोदामाच्या मालकांना काल सांगून आलो की दुसरा कारकून बघा.

तू चहा आणायला गेलास तेव्हा त्या सुतळीने बाकाची मापं घेतली. लांबीला एक गाठ, उंचीला एक, पाठीच्या कलाला एक. तसाच बाक दुकानापुढे करायला घेतला आहे. खालची बाजू अजून घासतोय, आज चौथा दिवस. गिऱ्हाइकं टोमणे मारतात.

पुढच्या महिन्यात ताईला घेऊन येतो. कागद पाठवू नकोस. परत निघताना बाकापासून दरवाजापर्यंत मी मोजून ठेवलं आहे. माझी पाचशे एकतीस पावलं आहेत. तुझी किती ते तू मोज, ताईची ती मोजेल. तिघंही तिथेच पोचू.

तिसरी पट्टी तेवढी बसवून घे. आशीर्वाद आहेतच.

तुझे,
बाबा