दुसऱ्या रकान्यातलं शून्य

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! केंद्र झकास आहे. लांबलचक हॉल, मोठ्या खिडक्या, गरम पाण्याचा हौद, भिंतीला धरून चालायचे दांडे. व्यायाम घेणारी म्हणून मला नोकरी, राहायला खोली, आणि ताईवर उपचार फुकट. मी तर हवेतच आहे. सहा वर्षं झाली, ताईचं शरीर स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजून बडवतंय. लहानपणी माझ्या वेण्या घालणारी तिची बोटं आता चहाचा कपसुद्धा धरत नाहीत. ती बोटं उघडावीत, बाकी मला काही नको.

इथे वजनं नाहीत, रबरी पट्टे नाहीत. पेशंटने जोर लावायचा तो थेट आमच्या हातावर. मोठ्या बाईंनी (केंद्र त्यांचंच) तक्ता समजावला. वेदनेचे दोन रकाने, शून्य ते दहा. पहिला पेशंटचा, दुसरा माझा. माझा कशाला, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, खरं लिहीत जा.

५ तारीख, बुधवार

टेलरकाकांशी गट्टी जमली. सत्तरीचे आहेत, बोटं आणि गुडघे आखडलेले, जीभ मात्र चांगलीच सैल. माझ्या पांढऱ्या कोटाची बाही बघून म्हणाले, हा ज्याने शिवलाय त्याला आधी व्यायामाला पाठवा.

त्यांनी माझा तळवा दाबला आणि माझ्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. त्या बोटांत एवढा जोर? त्यांचं दुखणं आठवरून सहावर उतरलं. माझ्या रकान्यात मी शून्य टाकलं. पेशंटसमोर स्वतःचं दुखणं दाखवायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तक्ता बघून मोठ्या बाईंनी काकांना दुप्पट जोर लावायला सांगितला.

१० तारीख, सोमवार

आज व्यायामाला ताईचा नंबर होता. तिने जोर लावला आणि माझा उजवा अंगठा कटकन निखळला. ती घाबरून सोडायला गेली, पण पकड सुटेना. दोघीही रडायला लागलो. आणि मग तिची बोटं उघडली, पूर्ण उघडली! संध्याकाळी तिने माझी वेणी घातली आणि वर एक टपलीही मारली. मला इतका आनंद झाला की अंगठ्याचं काही वाटेना.

पुन्हा शून्यच लिहिलं. खरा आकडा लिहिला असता तर ताईचा व्यायाम बंद केला असता.

१३ तारीख, गुरुवार

टेलरकाकांनी माझी करंगळी मोडली. हाड कातडी फाडून बाहेर आलं, तक्त्यावर रक्त उडालं. काका गयावया करत माफी मागत होते आणि त्यांचा हात माझं पुढचं बोट चाचपत होता. पकड सुटल्यावर काका धावत जिना चढले. धावत!

मोठ्या बाईंना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, अशा शरीराला मारायला कुणीतरी लागतंच. दुसरं कुणी मिळालं की ते स्वतःला सोडतं. समोरच्याचा आकडा वाढताना दिसला की आपण जोर कमी करतो, म्हणजे शरीर कुठे थांबायचं ते शिकतं. माझ्या आधीच्या बाई खरं लिहायच्या, म्हणून एका मुरगळलेल्या बोटावर सुटल्या.

मी सगळी शून्यं खोडून दहा केले. मोठ्या बाई म्हणाल्या, तक्ता मी वाचते, त्यांचे हात वाचत नाहीत. तुला कितीही मारलं तरी तू संपत नाहीस, हे तूच त्यांना शिकवलंस.

उद्या ताईला घेऊन निघते. मला फार भीती वाटतेय.

१४ तारीख, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितेय.

हॉलमधूनच बाहेर पडायचा रस्ता. तिथे पेशंटची रांग उभी होती. काकांनी माझं उजवं मनगट धरलं आणि ओलं कापड पिळतात तसं पिळलं. हाडं फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुबड्या धडाधड खाली पडल्या, सगळे ताठ झाले, चालत आले. कुणी केस उपटले. कुणी खांदा उखडला. सगळे माफी मागत होते, हुंदके देत होते —

ताईने मला ओढून खोलीत आणलं. कडी लावली. तिने मला हात लावला नाही. कोट धरून ओढलं.

१५ तारीख, सकाळ

दाराबाहेर टेलरकाका. उघडू नकोस पोरी, म्हणून रडताहेत. त्यांचेच हात दार फोडताहेत.

ताईची बोटं परत मिटली. गुडघेही. जबडाही. एवढं कधीच नव्हतं. कोपऱ्यात पडून किंचाळतेय. दूर राहा, माझ्याजवळ येऊ नकोस, सारखं तेच —

कसं बघत बसू?

जवळ बसले. पाय पुढे केला. नको नको म्हणाली. हात आलाच. घोटा —

घोटा गेला. नडगी. वहीवर रक्त — ताई रडतेय — सोड म्हटलं, तिलाही सोडायचंय, हात ऐकत —

बोटं उघडली तिची. चेहरा किती मोकळा — दुखत नाहीये म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा दुखत नाहीये म्हणाली, आणि दुसरा हात माझ्या गळ्या