आई सुखरूप पोचली

९ ऑक्टोबर, सोमवार

नातीनं फोनमध्ये एक लाल टिंब बसवून दिलंय. ते दाबायचं आणि बोलायचं. फोन आपला आपण लिहून घेतो, वर तारीखही टाकतो. सत्तर वर्षं अक्षरांनी मला ओळख दाखवली नाही, आणि आता एकदम रोजनिशी! चिमणे, बघ तुझ्या आजीचा थाट.

पहिलं विमान झालं. अजून दोन बदलायची, मग धाकट्या लेकीकडे, ठकीकडे. जावई बोटीवर, घरात ती एकटी आणि दिवस भरत आलेत. आधीची दोन बाळं हाताला लागली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पंधरा तारीख दिलीय. मी परवा पोचते. या खेपेला तिच्या उशाशी मी हवी म्हणजे हवीच.

मुलानं माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवलीय. पाय माझे धडधाकट, पण पाट्या वाचता येत नाहीत. म्हणून पायांना आजारी पाडलंय. खुर्ची ढकलणारा मिशीवाला भला माणूस आहे. त्याला खुणेनं म्हटलं, तू बस, मी ढकलते. पोट धरून हसला. गळ्यात निळी पिशवी अडकवून दिलीय, तिच्यात पासपोर्ट, तिकिटं, ठकीचा पत्ता. नव्या नवरीसारखी मिरवतेय नुसती.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दुसरं विमान रखडलंय. आधी दोन तास म्हणाले, मग सहा, आता विचारलं की नुसते हसतात. खुर्चीवाल्यांसाठी वेगळं दालन आहे, तिथे आणून लावलंय. राखाडी सतरंजी, खिडकी एकही नाही, दिवे सारखे चालू. कोपऱ्यात कॉफीचं यंत्र आहे, ते मधूनच कण्हतं. सगळ्या खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे. शिक्षा झालेल्या पोरांसारख्या बसलोय आम्ही म्हाताऱ्या.

शेजारी आपल्याच भाषेची एक बाई निघाली. शालवाली. तीही माझ्यासारखीच, अक्षरशत्रू. गळ्यात तशीच निळी पिशवी. जीव भांड्यात पडला. माझ्या तोंडाला आयतंच गिऱ्हाईक मिळालं. ठकीच्या दाराचा रंग, लहानपणी कडेवर बसली की ती माझ्या कानाची पाळी धरायची ते, ती घाबरली की मी तिला काय म्हणते ते, सगळं सांगून टाकलं. ती एकेक गोष्ट दोनदा विचारून घ्यायची. म्हटलं, बाई, परीक्षा आहे का तुमची? हसली नाही.

तुम्ही कुणाकडे निघालात, असं विचारलं. म्हणाली, मला कुणी बोलावलेलं नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी विमानाची हाक आली. एकच धांदल. पुन्हा तपासणी. पिशव्या काढा म्हणाले, तर दोघींच्या एकाच ट्रेमध्ये पडल्या. यंत्रातून पलीकडे निघाल्या तेव्हा शालवालीनंच उचलल्या. एक स्वतःच्या गळ्यात घातली, दुसरी माझ्या. वर माझा पदरही सारखा केला. किती प्रेमळ बाई, म्हटलं.

मिशीवाल्यानं तिला पुढे नेलं. मला दुसऱ्याच कुणीतरी मागे फिरवलं. पुन्हा तेच दालन, तीच भिंत.

दुपारी सहज पिशवी उघडली. वाचता येत नसलं तरी फोटो कळतो. पासपोर्टवर शालवाली होती.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काउंटरवरच्या मुलीला आपली भाषा येते. तिच्यापुढे घसा कोरडा केला. तिनं वर्दीवाल्या बाईला बोलावलं. बाईनं फोटो पाहिला, माझं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग मान डोलावली. मुलगी म्हणाली, आजी, फोटो तुमचाच आहे की. किती छान आलाय.

चेष्टा करणारी मी. माझी कुणी करत नाही.

मुलाचा फोटो दाबून फोन लावला. त्यानं मला बाई म्हटलं. म्हणाला, आई सुखरूप पोचली. फोन वाटेत हरवला म्हणत होती, तुम्हाला सापडला वाटतं. तेवढा परत पाठवा. अरे, मी तुझी आई, म्हटलं. तो घाबरला. अदबीनं बोलला आणि फोन ठेवला. इतक्या अदबीनं तो माझ्याशी जन्मात बोलला नव्हता.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

ठकीला लावला. म्हणाली, आई आतल्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालतेय. तुम्ही कोण?

ती दुपटी मी शिवलीत. सात.

मग म्हटलं, तू घाबरलीस की मी म्हणते ना, ते आठव. काय म्हणता, असं तिनं विचारलं. मी तोंड उघडलं आणि—

काही नव्हतंच तिथे. तिच्या दाराचा रंगही गेला. कडेवर बसून ती माझं काहीतरी धरायची. काय धरायची?

वर हा फोन काय लिहून घेतोय, तेही मला वाचता येत नाही. चिमणे, तू असतीस तर वाचून दाखवलं असतंस, आजी, तू असं म्हणाली होतीस म्हणून.

१४ ऑक्टोबर, शनिवार

खुर्चीतून उठले. पाय उठले नाहीत.

शालवालीला जे जे सांगितलं, तेवढंच गेलंय. जे सांगितलं नाही, ते आहे. मोजून पाहिलं. एकच उरलंय. ठकीचं आणि माझं. ते इथेही बोलणार नाही. तोंड मिटून बसलेय. जन्मात पहिल्यांदा.

१५ ऑक्टोबर, रविवार

ठकीचा फोन आला. स्वतःहून. कळा सुरू झाल्यात, खोलीला आतून कडी लावून हळू बोलत होती. म्हणाली, ही आई माझी चेष्टा करत नाही. एकदासुद्धा नाही. पोटाकडे नुसती बघत बसते. बाळ आधी तिच्याच हातात द्यायचं, असं डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय तिनं—

म्हणाली, तुम्ही जर खरंच— तर फक्त माझ्या आईला ठाऊक असेल असं एक काहीतरी सांगा. मग मी दार उघडणार नाही हिला.

फोन चालूच आहे. ती थांबलीय. तिच्या मागे दारावर कुणीतरी हलकेच टकटक करतंय.

ठकी, ऐक. सांगते. तू चार वर्षांची होतीस. तुला ताप होता. मी तुला पाठीवर घेऊन नदी—

दाराआडून आवाज आला. माझाच आवाज. पुढचं वाक्य तिनं म्हटलं. जसंच्या तसं.

मी थांबले. ती थांबली नाही. ठकी रडतेय, आई म्हणतेय, कडी वाजतेय— ठकी, उघडू नकोस— नदीवर आपण— मी तुला पाठीवर घेऊन—

कुठे ग, ठकी? मी तुला कुठे—