झीलंडचे बटाटे भर समुद्रात

वाखनिंगन, २८ एप्रिल २०२१

प्रिय शिरीषदादास,

पूर्णिमाचा सप्रेम जयभीम. तुझी आणि सरलावहिनींची तब्येत कशी आहे? लस मिळाली का? नागपूरच्या बातम्या वाचवत नाहीत, म्हणून तुझ्याच हातचे चार शब्द हवेत. आम्ही तिघं ठणठणीत. सुबोध माळ्यावरून ऑफिस करतो, मनाली जेवणाच्या टेबलावरून शाळा आणि मी कपड्यांच्या मशीनशेजारून हवामान. तू विचारलं होतंस, तिथे नेमकं करतेस काय? फोनवर सांगू लागले की वहिनी म्हणतात, "म्हणजे एक्सेल." म्हणून हे पत्र.

आमची टीम बटाट्यावर करपा कधी पडेल याचा अंदाज काढते. त्यासाठी तीस वर्षांचं हवामान मिळतं, पण कसं? अख्ख्या नेदरलँडवर किलोमीटर-किलोमीटरची जाळी टाकलेली, प्रत्येक चौकोनात त्या दिवसाचा पाऊस आणि तापमान. असे रोजचे नकाशे एकावर एक रचले की होतो एक ठोकळा. आमच्या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामला ठोकळा चालत नाही. त्याला टेबल लागतं: एका ओळीत एक जागा, एक दिवस, एक पाऊस. (म्हणजे एक्सेल नव्हे. वहिनींना सांग, ओळी अडतीस कोटी होतात.)

आता आमचे सीनियर, प्रताप. आपल्या नागपूरचेच, इथे नऊ वर्षं. नागपूरचा आवाज तसाच ठेवलाय आणि वर डच लोकांचा स्पष्टवक्तेपणा चढवलाय, त्यामुळे माणूस दुप्पट ऐकू येतो. बैठकीला वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. (एकदा कुरिअर आलं म्हणून उठले, तेव्हा साऱ्या विभागाने पाहिलं.) जगातल्या प्रत्येक कामाला त्यांचा एकच शेरा: "सोप्पंय. दोन ओळींचा कोड." मी औरंगाबादला सहा वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, हे त्यांना तीनदा सांगून झालं. तरी पहिल्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, सरासरी माहीत आहे ना?"

दोन ओळींच्या कामाला अकरा दिवस लागले. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि सुबोध वरून ओरडायचा, "मशीन लोड घेतंय का?" त्याला कपड्यांचं वाटायचं. शेवटी टेबल तयार झालं. काय देखणं दिसत होतं, दादा! प्रत्येक आकडा आपापल्या रकान्यात, शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा. टेबलाची हीच लबाडी, त्यात चूकसुद्धा इस्त्री करून बसते.

गेल्या आठवड्यात मंगळवारी ऑनलाइन बैठक होती. प्रमुख मारायकेबाई, अकरा शास्त्रज्ञ आणि नैर्ऋत्येकडच्या झीलंड प्रांतातले एक बटाटेवाले शेतकरी. प्रतापरावांनी टेबलावरून काढलेला नकाशा मोठ्या दिमाखात पडद्यावर टाकला आणि नेदरलँड डोक्यावर उभं राहिलं. ठोकळ्यातल्या ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे जात होत्या, त्यांना चिकटवलेले अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे. दक्षिणेतलं मास्ट्रिख्ट उत्तरेच्या बेटांजवळ पाण्यात जाऊन पडलं. झीलंड तर भर समुद्रात, आणि करप्याचा सगळ्यात लाल डाग त्याच्यावरच. (फाइलवर नाव प्रतापरावांचं होतं, एवढं ध्यानात ठेव.)

कुणी हसलं नाही. इथे आधी चूक नीट समजून घेतात, मग हसतात. शेतकरीबुवा चष्मा पुसून म्हणाले, "माझं शेत ओलं असतं, पण इतकं नाही." माझ्या खांद्यावरून डोकावत मनालीने डचमध्ये विचारलं, "मामा, मासे बटाटे खातात?" (इथे मामा म्हणजे आई.)

मारायकेबाईंनी विचारलं, "हे टेबल कुणी केलं?"

प्रतापराव म्हणाले, "मी. चूक माझी."

चेहरा बघायला हवा होतास! नऊ वर्षांचं "सोप्पंय" तीन शब्दांत उतरलं. बाईंनी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, दहा मिनिटं सुनावलं. जूनच्या परिषदेतलं त्यांचं भाषणही काढून घेतलं. दुपारी मी अक्षांश उलटे केले आणि नेदरलँड पायावर आलं. आता सांग, माझं काम एक्सेल आहे का?

वहिनींना जयभीम. काळजी घ्या, मास्क नाकावर ठेवा.

तुझी,
पूर्णिमा

ता. क. तुझ्याशी खोटं बोलून चैन पडत नाही. अक्षांश चिकटवायची ती ओळ मी लिहिली होती. प्रतापरावांनी फक्त न तपासता पुढे पाठवली. बाईंनी विचारलं तेव्हा माझा माइक बंद होता. मी बटण शोधलं, पण फार जोरात शोधलं नाही. माझं कंत्राट या महिन्याअखेर संपणार, हे प्रतापरावांना ठाऊक होतं. परवा ते वर्षभराने वाढलं. मी अजून बाईंना खरं सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे.

ता. क. २. पत्र खरं तर यासाठी. प्रतापरावांची आई, गयाबाई, नारी रोडला एकट्या राहतात. रविवारी पॉझिटिव्ह आल्या. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतलीत आणि इकडून विमानं बंद. प्रतापरावांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही. ऑनलाइन असताना ते आईशी फोनवर बोलत होते, माइक म्यूट करायचा राहिला म्हणून मी ऐकलं. तुझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटं. खालच्या दाराशी डबा आणि एक ऑक्सिमीटर ठेवशील? वर चढू नकोस, खालूनच हाक मार. पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवलाय आणि या पत्राचा फोटोही, कारण टपालाची वाट बघायला वेळ नाही. सकाळ-संध्याकाळ त्यांचा ऑक्सिजनचा आकडा कळव. कमी असला तरी खरा कळव.